सरडे, साप, कासवांच्या पेटीसाठी टेम्परेचर गन कशी निवडायची? खानदेशातल्या नवख्या पाळणाऱ्यांसाठी

इगुआना किंवा बिअर्डेड ड्रॅगनसारखा सरडा, नाहीतर बॉल पायथन अजगर घरी आणायचं ठरलं की पैसे आधी पेटीवर जातात, मग बल्बवर. थर्मामीटरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोही बहुतेक वेळा काचेला चिकटवायचा, गोल तबकडीचा, पेटीबरोबर आलेला. मी प्रत्येक नवख्याला सांगतो की पैसे आधी थर्मामीटरसाठी बाजूला काढा. सरपटणाऱ्या प्राण्याला अंगात ऊब तयार करता येत नाही. खाल्लेलं पचणं, आजाराशी लढणं, हालचाल करणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. अजगराने उंदीर गिळला आणि पेटी थंड पडली, तर तो उंदीर उलटून टाकतो. उलट पेटी फार तापली आणि पळायला गार कोपरा नसेल, तर काही तासांत जीव जातो.

इंटरनेटवरची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली आहे. पेटी गरम कशी ठेवायची, ही त्यांची चिंता. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे वर्षातले निदान चार महिने चिंता उलटी असते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की पेटीतला बल्ब बंद असूनही पेटी तापते. म्हणून खानदेशात टेम्परेचर गन, म्हणजे नेम धरून लांबूनच तापमान मोजणारा थर्मामीटर, घ्यायची ती गरम जागा तपासायला आणि त्याहून जास्त गार जागा शोधायला. निवड करताना हे डोक्यात असलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

या लेखातले सगळे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी कागदपत्रं

घोरपड, मांडूळ, तारा कासव, तळ्यातली कासवं, शेतात सापडलेला कोणताही साप, हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत आणि ते घरी पाळणं गुन्हा आहे. हौस म्हणून नाही, जखमी होतं म्हणूनही नाही. असा प्राणी सापडला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. सातपुड्यात लेपर्ड गेको या पालीची स्वतःची एक जात आहे, तिचं शास्त्रीय वर्णन २०१४ मध्ये झालं. डोंगरात ती दिसली तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.

परदेशी प्राण्यांपैकी इगुआना, बॉल पायथन, सुलकाटा कासव यांसारखे जे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस कराराच्या यादीत येतात, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा ‘कागदाची गरज नाही भाऊ’ म्हणाला तर तिथून निघा.

ही गन मोजते काय?

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरणं बाहेर टाकत असते. गनच्या पुढच्या भिंगातून ती आत येतात, आतला सेन्सर स्वतःच्या तापमानाशी त्यांची तुलना करतो आणि अर्ध्या सेकंदात आकडा दाखवतो. ज्या पृष्ठभागावर नेम धरला त्याचं तापमान म्हणजे हा आकडा. हवेचं तापमान ही गन मोजू शकत नाही. पेटीच्या मध्यभागी रिकाम्या जागेकडे नेम धरलात, तर मागच्या भिंतीचा आकडा मिळेल.

यातून तीन गोष्टी निघतात आणि नवख्यांची बहुतेक गडबड या तिन्हींपैकी एकीत असते.

पहिली गोष्ट काचेची. काच आपल्याला पारदर्शक दिसते, पण या किरणांना ती भिंतीसारखी अडवते. बाहेरून काचेतून मोजलं तर काचेचं तापमान मिळतं. ॲक्रिलिकचंही तेच. दार सरकवा, झाकण उघडा, मग मोजा. वर जाळी असेल तर जाळीही आकड्यात मिसळते, म्हणून तीही बाजूला करा.

दुसरी गोष्ट चकचकीत धातूची. स्टीलची वाटी, ॲल्युमिनियमची पट्टी, बल्बचं चमकदार शेड यांतून स्वतःची किरणं फार कमी निघतात. ते आजूबाजूची किरणं परावर्तित करतात. चटका बसेल इतकं तापलेलं शेडही खोलीच्या तापमानाच्या आसपासचा आकडा दाखवू शकतं. धातू मोजायचाच असेल तर त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, टेप तापू द्या आणि टेपवर नेम धरा.

तिसरी गोष्ट पाण्याची. कासवाच्या टाकीत गन फक्त वरच्या थराचं तापमान सांगते, तळाशी काय चाललंय ते तिला कळत नाही.

म्हणून गनसोबत वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे मोजणारा तुकडा, असलेला साधा डिजिटल थर्मामीटर लागतोच. मत्स्यपालनाच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. हवेसाठी आणि पाण्यासाठी प्रोब, जमिनीसाठी, दगडासाठी आणि प्राण्याच्या पाठीसाठी गन. चिकटवायची गोल तबकडी काढून टाकली तरी चालेल. ती काचेजवळची हवा मोजते, आणि तिथे प्राणी बसत नाही.

ताप मोजायची गन चालणार नाही

कोरोनात घराघरात कपाळावर धरायची गन आली. ती अजून कपाटात आहे, मग तीच का वापरू नये, असं प्रत्येकजण विचारतो. दुकानातही घोटाळा होतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये ‘टेम्परेचर गन द्या’ म्हटलं की आधी पांढरी, कपाळावर धरायची गनच समोर येते. धुळ्याकडचा एक जण ती हातात घेऊन मला विचारत होता, ‘भाऊ, हाऊ ताप मोजाना शे का?’ हो, ताप मोजायचाच तो.

माणसाचा ताप मोजणारी गन साधारण ३२ ते ४३ अंशांच्या पट्ट्यात काम करते. त्याखाली ती ‘लो’ दाखवते, वर ‘हाय’. पेटीची गार बाजू २५ अंशांना असते, ती या गनला दिसतच नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती कपाळाच्या कातडीच्या आकड्यात भर घालून शरीराच्या आतलं तापमान दाखवते. दगडावर धरली तर तीच भर दगडाच्या आकड्यातही पडते. काही गनमध्ये ‘सरफेस’ असा वेगळा मोड असतो. तो असला तर तात्पुरतं भागेल, पण नवी घ्यायची असेल तर इंडस्ट्रियल गनच मागा.

दुकानदाराला ‘मोटारीचं बेअरिंग तपासायची गन’ म्हटलं की लगेच कळतं. जिनिंगवाले, इलेक्ट्रिशियन, एसी-फ्रीजवाले हीच वापरतात. इलेक्ट्रिकल सामानाच्या किंवा टूल्सच्या दुकानात ती मेडिकलपेक्षा लवकर मिळते. घरगुती कामाची साधी गन हजार-दीड हजारात येते.

खोक्यावर काय वाचायचं?

खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ‘उणे ५० ते ३८०’ किंवा ‘५५० अंशांपर्यंत’. त्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला १० ते ६० अंश लागतात आणि तेवढं प्रत्येक गन मोजते. जास्त पट्ट्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिल्यांदा शोधा ‘ऑपरेटिंग टेम्परेचर’, म्हणजे गन ज्या हवेत आहे त्या हवेचं तापमान किती असलं तर ती नीट चालते. बऱ्याच स्वस्त गनांवर ० ते ४० लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईत हा मुद्दा कोणी काढणार नाही, पण आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या दुपारी हवा सहज ४० च्या पुढे जाते. म्हणजे ज्या दिवशी आकड्याची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्या दिवशी गन स्वतःच्या मर्यादेबाहेर असते. सेन्सर स्वतःच्या तापमानाशी तुलना करून आकडा काढतो, हे वर आलंच. त्याचंच तापमान मर्यादेबाहेर गेलं की आकड्याचा भरवसा संपतो. म्हणून ० ते ५० लिहिलेलीच गन घ्या. माझ्या मते खानदेशातल्या माणसाने बाकी सगळ्याच्या आधी हीच ओळ वाचावी.

मग ‘ॲक्युरसी’. अधिक-उणे १.५ अंश किंवा १.५ टक्के, जे जास्त असेल ते, हे ठीक आहे. अधिक-उणे २ असेल तर चालवून घेता येतं, त्याहून ढिली नको. अंदाज यावा म्हणून सांगतो, फ्लूक कंपनीच्या ६२ मॅक्सची अचूकता १.५ अंश आहे आणि ६२ मॅक्स प्लसची १ अंश. कारखान्यात वापरतात ती ही यंत्रं, किमतीला बरीच चढी. घरच्या एका पेटीसाठी ती घेण्याची गरज नाही. वीस पेट्या असतील तर विचार करा.

तिसरी ओळ ‘डी-एस रेशो’, म्हणजे अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या गोलाची रुंदी यांचं प्रमाण. ८:१, १०:१, १२:१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. रात्री विहिरीवर मोटार सुरू करायला जाताना टॉर्चचा झोत जसा लांब गेला की पसरतो, तशी गनची नजर लांब गेली की पसरते. १२:१ म्हणजे १२ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरचा गोल, २४ वरून २ सेंटिमीटरचा, ६० वरून ५ सेंटिमीटरचा. त्या पूर्ण गोलाचं सरासरी तापमान आकडा म्हणून येतं. ८:१ ची गन ४० सेंटिमीटरवरून धरली तर गोल ५ सेंटिमीटरचा होतो. गेकोच्या लपायच्या जागेचं तोंड त्याहून लहान असेल, तर आतली जमीन आणि बाहेरची भिंत यांची खिचडी आकड्यात येते. १२:१ घ्या. ८:१ हातात असेल तर टाकू नका, फक्त जवळ जाऊन मोजा. जी जागा मोजायची ती गोलाच्या निदान दुप्पट मोठी असावी, हा नियम पाळला की पुरे.

लेझरबद्दल गैरसमज फार. लाल ठिपका काहीही मोजत नाही, तो फक्त नेम दाखवतो. शिवाय तो भिंगातून निघत नाही, भिंगाच्या थोडा वर किंवा खाली असलेल्या छिद्रातून निघतो. जवळून मोजताना ठिपका एका जागी आणि खरा मोजलेला गोल एक-दोन सेंटिमीटर सरकून, असं होतं. हातभर अंतरावर हा फरक जाणवत नाही. लेझर बंद करायचं बटण असलेलीच गन घ्या. प्राण्याच्या डोळ्यात तो ठिपका कधीही जाऊ देऊ नका. गेको आणि ड्रॅगन हलत्या ठिपक्यामागे धावतात, पोरांना ते पाहायला मजा वाटते, पण तो खेळ पहिल्या दिवसापासून बंद ठेवा.

इमिसिव्हिटी बदलता येणारी गन महाग असते. इमिसिव्हिटी म्हणजे पृष्ठभाग किती मोकळेपणाने किरणं बाहेर टाकतो त्याचा आकडा, ० ते १ मधला. स्वस्त गनमध्ये तो ०.९५ वर कायम केलेला असतो. लाकूड, माती, दगड, प्राण्याची कातडी यांचा आकडा याच्या आसपासच असतो. समजा शेकायच्या फरशीचा खरा आकडा ०.९० आहे, फरशी ४० अंशांना आहे आणि खोली ३० ला. मग चूक किती? साधारण अर्धा अंश. खोली आणि फरशी यांच्यातला फरक जितका कमी, तितकी ही चूक कमी, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तो फरक कमीच असतो. या सोयीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तेवढ्यात प्रोबचा थर्मामीटर येईल.

पडद्यामागे दिवा, ट्रिगर दाबून ठेवला की सतत आकडा बदलत राहण्याची सोय आणि सगळ्यात मोठा-लहान आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर उत्तम. सेल कोणता लागतो तेही बघा. ट्रिपल-ए सेल तालुक्याच्या गावी कुठेही मिळतात, ९ व्होल्टचा चौकोनी सेल शोधत फिरावं लागतं.

सेल्सिअस-फॅरेनहाइटचं बटण पहिल्याच दिवशी सेल्सिअसवर ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. इंटरनेटवर ‘९०’ वाचलं तर ते फॅरेनहाइट असतं, म्हणजे आपले ३२.

घरी आणल्यावर दोन चाचण्या

बर्फाची चाचणी आधी. बर्फ फोडून बारीक चुरा करा, प्लॅस्टिकच्या खोल भांड्यात दाबून भरा, चुरा जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला. स्टीलचं भांडं नको, कारण वर सांगितलंच. पाच मिनिटं ढवळत राहा. मग गन सरळ वरून, भांड्याच्या कडा नजरेत येणार नाहीत इतक्या जवळून धरा आणि मोजा. ० च्या आसपास, खोक्यावर लिहिलेल्या मर्यादेत आकडा आला पाहिजे. भिंगावर बाष्प धरलं तर पुसून, थांबून पुन्हा.

दुसरी चाचणी कोमट पाण्याची, आणि आपल्या कामासाठी ती जास्त महत्त्वाची. ३८ ते ४० अंशांचं पाणी घ्या, त्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर बुडवा, ढवळा, आणि ढवळणं थांबताक्षणी पृष्ठभागावर गन मारा. उशीर केला तर बाष्पीभवनाने वरचा थर गार होतो आणि गन उगाच खोटी ठरते. दोन्हींत दीड अंशाच्या आत फरक असेल तर गन ठेवा. तीन-चार अंशांचा फरक पुन्हा पुन्हा आला तर परत करा. उकळत्या पाण्याने तपासू नका, वाफ भिंगावर बसते.

एक पथ्य पाळा. गाडीच्या डिकीतून किंवा एसीच्या खोलीतून आणलेली गन लगेच वापरू नका. वीस-तीस मिनिटं ती पेटीच्या खोलीत पडू द्या. तिच्या पोटातलं तापमान खोलीएवढं झालं की मगच आकडे स्थिर येतात. धुळ्याहून दुचाकीवर आणलेली गन दुपारी घरात शिरताच वापरली आणि ‘पाच अंश चुकते’ म्हणून परत नेली, असं घडतं. गनमध्ये खोट नसते, तिला निवायला वेळ दिलेला नसतो.

प्राणी आणण्याआधी घर मोजा

हे काम परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडणार नाही, आणि माझ्या मते गनचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. पेटी अजून रिकामी आहे. गन घ्या आणि दुपारी तीन वाजता घरभर फिरा. प्रत्येक खोलीत चारही भिंती, जमीन, छत आणि जिथे पेटी ठेवायचा विचार आहे ते टेबल मोजा. वहीत लिहा. तेच पहाटे पाच वाजता करा.

पत्र्याचं छत असेल तर छताचा आकडा बघून तुम्ही स्वतःच पेटी तिथून हलवाल. तापलेला पत्रा खाली किरणं फेकत राहतो. गंजलेला किंवा रंग दिलेला पत्रा गनला नीट मोजता येतो, नवा चकचकीत पत्रा मात्र कमी आकडा दाखवेल, तिथे टेपची युक्ती करा. स्लॅबचं घर असेल तर वरच्या मजल्यावरची गोष्ट वेगळीच असते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ते खाली सोडत राहतो. म्हणजे बल्ब सातला बंद केला तरी पेटीला रात्रीचा गारवा मिळत नाही. हे बोटाने कळत नाही, गनने लगेच कळतं. रात्री दहाला छत मोजा.

पश्चिमेची भिंत मेच्या संध्याकाळी पाच-सहाला सगळ्यात तापलेली असते. पेटीची पाठ तिला कधीही लावू नका. सगळ्यात चांगली जागा बहुधा तळमजल्यावरची, मधली, बाहेरची भिंत नसलेली खोली. गावाकडे अजून धाब्याची घरं आहेत. मातीच्या जाड छपराखाली माजघरातली जमीन भर दुपारीही पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी गार मिळते. अशी खोली असेल तर प्राण्यासाठी दुसरीकडे शोधू नका.

कूलर लावत असाल तर कूलर चालू आणि बंद अशा दोन्ही वेळा मोजा. कूलरचा झोत थेट पेटीवर आला तर गार बाजू नको तितकी गार होते आणि दमटपणा वाढतो. बॉल पायथनला तो दमटपणा झेपतो, बिअर्डेड ड्रॅगनला दिवसेंदिवस ओलसर हवेत ठेवणं योग्य नाही.

पेटीत मोजायचं कसं?

बल्ब लावून निदान दीड तास जाऊ द्या. दगड-फरशी हळूहळू तापते, पहिल्या वीस मिनिटांतला आकडा खरा नसतो. शेकायच्या जागेसाठी शहाबादी फरशीचा तुकडा मला सगळ्यात पसंत आहे. स्वस्त, जड, ऊब धरून ठेवणारा, आणि चमक नसल्याने गनला नीट मोजता येणारा. कडा घासून बोथट करून घ्या.

गन शक्य तितकी सरळ, नव्वद अंशाच्या कोनात धरा. तिरकी धरली की गोल लांबट होतो आणि बाजूचंही आकड्यात येतं. बल्बवर नेम धरू नका, त्यातून काहीच कळत नाही. फरशीचा मध्य, फरशीची कड, गरम बाजूच्या लपायच्या जागेतली जमीन, पेटीचा मध्य, गार बाजूच्या लपायच्या जागेतली जमीन, एवढं क्रमाने घ्या. प्रत्येक ठिकाणी दोन-तीनदा मारा. आकडे एकमेकांजवळ आले तरच लिहा.

मग प्राण्याची पाठ. हे बरेच जण विसरतात. मोठ्या ड्रॅगनची पाठ फरशीपासून पाच-सात सेंटिमीटर वर असते, म्हणजे बल्बला तेवढी जवळ. फरशी ४० दाखवत असताना पाठ त्याहून वर असू शकते. लेझर बंद करून, पाठीमागून, शांतपणे मोजा. पाठ नेहमी जास्त निघत असेल तर बल्ब वर घ्या.

हीट मॅट, म्हणजे पेटीच्या तळाखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, असेल तर मॅटच्या वरची माती उकरून तळाची काच मोजा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र, नसलेली मॅट ४५ च्या पुढे सहज जाते, आणि साप तिच्यावर पोट टेकून पडून राहतो. पोटाच्या भाजल्याच्या जखमा अशाच होतात. गन हे फक्त दाखवू शकते, रोखू शकत नाही. रोखायला थर्मोस्टॅट लागतो. त्याचा प्रोब हलला की काय होतं ते मात्र गनच सांगते, म्हणून थर्मोस्टॅटवरचा आकडा बघून निर्धास्त राहू नका.

नवखे असताना लक्षात ठेवायचे पृष्ठभागाचे आकडे असे. बिअर्डेड ड्रॅगनची शेकायची जागा ३८ ते ४२, गार बाजू २४ ते २९. लेपर्ड गेकोच्या गरम लपायच्या जागेची जमीन ३१ ते ३४, गार बाजू २४ ते २६. बॉल पायथनची गरम बाजू ३१ ते ३३, गार बाजू २४ ते २७. इगुआनाची शेकायची जागा ३५ ते ३८. लाल कानाच्या कासवाची शेकायची जागा ३२ ते ३५, पाणी २४ ते २७, आणि पाणी प्रोबने मोजायचं. पिल्लू, आजारी किंवा गाभण प्राणी असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारूनच आकडा ठरवा.

या आकड्यांत गार बाजू गरम बाजूइतकीच महत्त्वाची आहे. प्राणी दोन्हींमध्ये ये-जा करून स्वतःचं तापमान सांभाळतो. एकच आकडा सगळ्या पेटीत असेल तर त्याला निवड उरत नाही.

आखाजीच्या सुमारास

अक्षय्य तृतीयेला झाडाला झोके बांधायचे दिवस आले की पेटीचं गणित बदलतं. सकाळी नऊलाच गार बाजूची जमीन मोजा. ती ३० च्या वर असेल तर शेकायचा बल्ब त्या दिवशी फक्त सकाळी दोन-तीन तास. ३३-३४ असेल तर उष्णता देणारा बल्ब अजिबात नको, यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा नळी-दिवा तेवढा ठेवा. बल्ब बंद केला तर पचन बिघडेल अशी भीती वाटते, पण खोलीच ३५ ला असेल तर प्राण्याला वेगळी ऊब लागत नाही.

गार बाजू खाली आणायला बर्फ जमवलेली पाण्याची बाटली जाड सुती कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, गार बाजूच्या भिंतीला टेकवा. आत ठेवायची वेळ आली तर प्राणी तिला थेट चिकटणार नाही असं बघा. दर अर्ध्या तासाने जमीन मोजा. कापडाच्या ओलसरपणामुळे तिथला पृष्ठभाग बाष्पीभवनाने गार होतो आणि गन ते बरोबर दाखवते, पण पेटीतली हवा तेवढी गार झालेली नसते. इथे प्रोबचं ऐका.

लाइट जाणं धरूनच चाला. कूलर बंद पडला की मधल्या खोलीला तापायला किती वेळ लागतो, हे एखाद्या सुटीच्या दिवशी मुद्दाम कूलर बंद करून, गन घेऊन बघून ठेवा. प्राणी तोंड उघडं ठेवून गार कोपऱ्यात पडून असेल तर तो शेकत नाहीये. पाठ मोजा, आणि ती जास्त असेल तर त्याला लगेच घरातल्या सगळ्यात गार जमिनीवर, हवेशीर डब्यात हलवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

थंडीत

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या जवळ किंवा खालीही येतो, सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे आणि वर तोरणमाळकडे तर जास्तच. त्या दिवसांत पहाटे पाचचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. टाइल्सच्या जमिनीवर ठेवलेली पेटी तळातून गारठते, खाली थर्माकोल किंवा लाकडी फळी घाला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा मोजा. फरक आकड्यातच दिसेल.

सर्पमित्रांसाठी दोन ओळी

वाचवलेला साप वनखात्याला कळवून सोडेपर्यंत पिशवीत किंवा बरणीत असतो. सुती पिशवीवर गन मारली तर पिशवीच्या बाहेरच्या बाजूचं तापमान मिळतं, सापाचं नाही, पण तेवढंही उपयोगी पडतं. उन्हात उभ्या दुचाकीची डिकी पिशवी ठेवण्याआधी आतून एकदा मोजून बघा. तो आकडा पाहिल्यावर तुम्ही पिशवी हातात धरून सावलीत उभे राहाल. बंद प्लॅस्टिकची बरणी उन्हात काही मिनिटंही ठेवू नका.

गनची निगा

भिंगावर धूळ बसली की आकडे बहुतेक वेळा कमी येतात, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, ओलसरपणा बसतो. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल उतरल्याची खूण दिसली की आकड्यांवर विश्वास ठेवणं थांबवा, नवा घाला. बर्फाची आणि कोमट पाण्याची चाचणी वर्षातून दोनदा करा, एकदा होळीला, ऊन वाढायच्या आत, आणि एकदा दिवाळीला, थंडीच्या आधी. तारीख आणि निघालेला फरक पेटीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.